लिलाव न दाखवता बाजाराची कादंबरी

डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि माझ्या दुसऱ्या कादंबरीचा विषय नक्की झाला. निफाड तालुक्यातलं एक शेतकरी घर, लाल कांद्याचा हंगाम आणि लासलगावची बाजार समिती. माहितीची वानवा नव्हती. मापाडी, हमाल, व्यापारी, सगळ्यांशी बोलून वह्या भरल्या होत्या. गाडं अडलं ते एकाच प्रश्नावर: हे सगळं सांगणार कोण?

पहिला खर्डा सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडून लिहिला. हा गडी फार सोयीचा. व्यापाऱ्याच्या मनात शिरतो, दिल्लीतला निर्णय समजावून सांगतो, बापाच्या डोक्यावरचं कर्जही मोजून दाखवतो. चूक काढायला जागा नव्हती, पण वाचताना वर्तमानपत्राची पुरवणी चाळल्यासारखं वाटायचं.

मग लिहिणं बाजूला ठेवून वाचायला बसले. पुस्तकं जुनीच, कथानकं पाठ. हातात पेन्सिल घेऊन पानोपानी एवढंच बघायचं की, हे निवेदकाला कुठून कळलं? व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (1955) मास्तर गावाला परका. त्यामुळे तिथल्या चालीरीती कुणीतरी त्याला सांगणं ओघानंच येतं आणि वाचकाला माहिती पुरवली जातेय असा वासही येत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहिलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमू स्वतः बोलते. लहानपणी तिला जे उमगत नाही ते आपल्याला उमगतं आणि पोटात गोळा येतो. लेखन-शिबिरांत निरीक्षण वाढवा म्हणून कानीकपाळी ओरडतात. निरीक्षण ठीकच आहे हो, पण वह्या भरल्यावर त्यातलं निवेदकाच्या नजरेआड काय ठेवायचं, यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

मी सांगायचं काम घरातल्या बारा वर्षांच्या मुलीकडे दिलं. आणि लगेच पंचाईत. ती सकाळी शाळेत जाते, बाजारात पाय ठेवत नाही. म्हणजे माझं लाडकं प्रकरण, लिलावाचं, गेलंच. ट्रॅक्टरांची रांग, ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढणारा व्यापारी, चढत जाणारा पुकारा, आणि वर्षभराच्या मेहनतीचा भाव बघता बघता ठरून रांग पुढे सरकलेली. लिहिताना हात थांबत नव्हता. ते काढताना मात्र जिवावर आलं.

पण लिलाव गेल्यावर घरात येणाऱ्या वस्तू बोलायला लागल्या. मुख्य म्हणजे हिशोबपट्टी, कांदा विकल्यावर हातात येणारा हिशोबाचा कागद. हमाली, तोलाई वजा जाऊन खाली उरलेली रक्कम. मुलीला शाळेत वजाबाकी पक्की येते, म्हणून बाप तिलाच आकडे तपासायला देतो. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, 'भाव कोसळल्यामुळे बाबा पार खचले होते.' आता तिथे आहे: 'बाबांनी पट्टीच्या चार घड्या केल्या, टोपीत ठेवल्या आणि टोपी घालूनच जेवायला बसले.' मुलगी खचणं बघू शकत नाही, टोपी बघू शकते. 'मला वाटलं', 'माझ्या लक्षात आलं' असली वाक्यं मग शोधून शोधून खोडली. पुष्कळ निघाली. निर्यातबंदीची बातमीसुद्धा तिला आईच्या फोनवरच्या अर्ध्या बोलण्यातूनच कळते, पलीकडचा माणूस काय म्हणाला ते आम्हाला कुणालाच ऐकू येत नाही.

संपादकांना हे पचलं नाही. 'बाजारावर कादंबरी आणि लिलाव एकही नाही? वाचक भांडेल,' म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. वाद घालत घालत मध्यावर आलो: सुट्टीच्या दिवशी मुलगी ट्रॉलीवर बसून समितीच्या फाटकापर्यंत जाईल, आत नाही. सध्या तेच प्रकरण हातात आहे. बाप आत गेल्यावर बाहेरच्या चहाच्या टपरीवर ती किती वेळ थांबेल आणि तेवढ्यात कुणाकुणाचं बोलणं तिच्या कानावर पडेल, हे अजून जमायचंय.