रेड वाइन अपेक्षेला उतरत नाही तेव्हा मी काय तपासतो

नाशिकची शिराझ किंवा कॅबर्ने (या द्राक्षजातींची रेड वाइन) उघडली आणि पहिल्याच घोटाला मन खट्टू झालं, तरी मी बाटली लगेच बाद करत नाही. दोष वाढण्यात असेल, बाटलीत असेल किंवा वाइनच तशी असेल. वाढण्यातला दोष घरीच दुरुस्त होतो, म्हणून सुरुवात तिथून.

आधी थर्मामीटर. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. आपल्याकडे एप्रिलात खोली 32 अंशांवर असते. त्या तापमानाला 14 टक्के अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. मी 16 ते 18 अंशांवर आणतो: बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, बाटली गळ्यापर्यंत बुडवून साधारण 12 ते 15 मिनिटं. नुसता बर्फ घातला तर मधल्या पोकळीत हवा राहते आणि वेळ लागतो. फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात. थेट फ्रिजमधून काढून ओतली तर उलटा घोळ होतो, टॅनिन (द्राक्षाच्या साल-बियांतला तुरट घटक) जिभेला खरखरीत लागतं.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. चाचणीचा प्रमाणित ग्लास सुमारे 215 मिलीचा असतो आणि त्यात 50 मिलीच ओततात. पहिला वास न हलवता, दुसरा हलवून. दोन्हींत फरक पडला का, याकडे माझं खरं लक्ष असतं.

सडक्या अंड्याचा वास असेल तर बहुधा आंबवताना यीस्टला नत्र कमी पडून हायड्रोजन सल्फाइड झालेलं असतं. बऱ्याचदा जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवलं की तो उडतो. नाही उडाला तर घासून स्वच्छ केलेला तांब्याचा तुकडा ग्लासात मिनिटभर फिरवून पाहतो. वास गेला तर निदान पक्कं. तो ग्लास मात्र ओतून देतो, पीत नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास वेगळा. तो बुचातल्या ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोलचा (टीसीए) आणि हवा लागल्यावर आणखीच उघडा पडतो. अगदी सूक्ष्म प्रमाणातही तो फळाचा वास मारून टाकतो, म्हणून वास ओळखू आला नाही तरी वाइन मुकी वाटते. यावर उपाय नाही. असली वाइन रश्श्यात घालू नये, वास तिथेही उतरतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास एथिल अ‍ॅसिटेटचा, तोही जात नाही.

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त संशय उष्णतेचा येतो. एसी नसलेलं दुकान, काचेच्या कपाटात उभी बाटली, मे महिना. बूच गळ्यातून किंचित वर आलेलं किंवा बुचाच्या कडेने वाइन चढल्याची रेघ दिसली की बाटली तापलेली, हे जवळपास नक्की. चव शिजवलेल्या जॅमसारखी, शेवट कोरडा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरल्यावर कडेला विटकरी झाक दिसली आणि वाइन दोन-तीन वर्षांचीच असेल, तर तिला ऑक्सिजनही लागलेला असतो. म्हणून विकत घेताना मागच्या लेबलावरचा पॅकिंगचा महिना आणि बाटली आडवी ठेवलीय का, एवढं मी बघतोच.

यातलं काही नसेल तर वाइनच तशी. नाशिकला द्राक्षवेलींची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तोडणी जानेवारी ते मार्च. फेब्रुवारीअखेर दिवस तापले की साखर झपाट्याने चढते, आम्ल उतरतं, पण बी आणि सालीतलं टॅनिन पिकण्यात मागे राहतं. नुसतं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघून घड लवकर तोडले तर कॅबर्नेत कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तो मेथॉक्सिपायराझिनचा. उशिरा तोडले तर वाइन जड आणि पसरट होते. त्यावर ओक लाकडाच्या पिंपाचा मुलामा चढवला की व्हॅनिला आणि कॉफीच लागते, द्राक्ष लागत नाही. ही तक्रार मला सर्वांत रास्त वाटते, महागड्या बाटल्यांबद्दल तर अधिकच.

निकाल देण्याआधी एक घोट खारवलेल्या शेंगदाण्यांसोबत किंवा चीजसोबत घेतो. मीठ आणि स्निग्धता टॅनिनची धार कमी करतात. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत चव घेऊन कुठल्याच रेडला नापास करू नये, तिखटामुळे अल्कोहोलचा चटका आणि तुरटपणा दोन्ही वाढतात.

दुकानात परत न्यायची तर बाटली बरीचशी भरलेली हवी, बूच आणि बिल सोबत हवं. तरीही बदलून मिळेलच असं नाही, एकदा उघडलेली बाटली बहुतेक दुकानदार घेत नाहीत.