माळा सकाळी झाडला, धाप रात्री लागली

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरच्या गाद्या खाली काढून आपटल्या की पाच-दहा मिनिटांत माझं नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात आणि टाळूला अशी खाज सुटते की जीभ घासत बसावं लागतं. सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली की बरं वाटतं, सगळे म्हणतात चला, गेली सर्दी. पण खरा त्रास रात्री. नाक चोंदलेलं, छाती आवळलेली, आडवं झालं की आतून सूं सूं. मग आई म्हणणार, दुपारी दही खाल्लंस ना, भोग आता! दह्याचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो हो.

होतं काय, गादीतल्या धुळीत माइट्स असतात, डोळ्यांना न दिसणारे, आपल्याच कातडीच्या कोंड्यावर जगणारे, आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रोटीनची आपल्याला ॲलर्जी. नाकातल्या मास्ट सेल्सवर, म्हणजे ॲलर्जीची केमिकल्स साठवून बसलेल्या पेशींवर, आयजीई अँटीबॉडीज (ते प्रोटीन ओळखणारे शरीराचे पहारेकरी) आधीच चिकटून तयार असतात, प्रोटीन आलं की पेशींतून हिस्टामिन नावाचं केमिकल सुटतं, शिंका चालू. हा झाला पहिला अंक. पण त्याच पेशी बाकीची केमिकल्स पण सोडतात आणि ती रक्तातल्या इओसिनोफिल्स नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात, ती मंडळी यायला 4 ते 8 तास लागतात, आणि आली की सूज, चिकट कफ, सगळंच. सेट्रिझिन अडवते ती हिस्टामिनला, त्यामुळे तिचं इथे फारसं चालत नाही.

बरं, नाक वेगळं आणि फुप्फुस वेगळं असंही नाही. 2001 मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दमा नसलेल्या, फक्त नाकाची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या नुसत्या नाकात गवताचे पराग सोडले, तर 24 तासांनी श्वासनळ्यांमध्येही इओसिनोफिल्स वाढलेले!

आणि ही सूज लगेच उतरत नाही, नळ्या पुढे कितीतरी दिवस हळव्या राहतात, मग उदबत्ती, मिरचीच्या फोडणीचा खाट, फटाक्यांचा धूर, कशानेही ठसका, आणि नाव मात्र फटाक्यांचं.

म्हणून नुसता दम्याचा निळा पंप मारून भागत नाही, त्याने नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात, सूज तशीच. ती उतरवायला स्टिरॉइडचा पंप, आणि नाकात स्प्रे, तोही रोज, कारण पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे जातात. पंपाची सवय लागते म्हणणाऱ्या काकूंकडे मी आता लक्षच देत नाही. चादरी-उशांचे अभ्रे मात्र 60 डिग्रीच्या गरम पाण्यात, आणि पंप घेतला की चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.