रेल्वे येण्याआधीची गोष्ट

‘फ्युरिओसा’ हा सिनेमा बघून तीन आठवडे झाले, तरी डोक्यातून जात नाही. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येते, चहा ठेवते आणि त्या पोरीचा चेहरा समोर येतो. बरेच महिने इथं काही लिहिलं नव्हतं. आज बसले, कारण आमच्या जुन्या होस्टेलच्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं लिहिलं, “शेवट माहीतच आहे, मग अडीच तास कशाला घालवायचे?” हा सिनेमा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’च्या आधीची गोष्ट सांगतो, म्हणून शेवट माहीत. तिच्यावर राग नाही. पण हे वाक्य गेले तीन आठवडे मी इथं ऑस्ट्रेलियातही ऐकतेय, तिकडं भारतातही ऐकतेय, आणि दोन ओळींत त्याला उत्तर देता येत नाही.

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ आम्ही २०१५ च्या मे महिन्यात औरंगाबादला बघितला होता. तेव्हा शहराचं नाव तेच होतं. नर्सिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि आम्ही पाच जणी पहिल्या रांगेत. त्यात तो इम्मॉर्टन जो नावाचा हुकूमशहा उंच कड्यावरून पाण्याचे लोंढे सोडतो, खाली हजारो माणसं तपेली, डबे, हातात येईल ते घेऊन धावतात, आणि मिनिटभरात तो पाणी बंद करतो. वर सांगतो काय, तर पाण्याचं व्यसन लावून घेऊ नका! आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. काय डोकं लढवलंय म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात मी लातूरला घरी गेले.

२०१६ चं लातूर तुम्हाला सांगायची गरज नाही. लागोपाठ दोन पावसाळे गेलेले, धनेगावचा मांजरा प्रकल्प तळाला, पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम. मग १२ एप्रिलला मिरजेहून दहा टँकरची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली आणि सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या स्टेशनवर आले. सगळ्यांना आठवते ती ही रेल्वे. मला आठवते ती त्याच्या आठवडाभर आधीची पहाट. साडेतीनला आई मला उठवायची, दोन घागरी आणि एक कळशी घेऊन आम्ही गल्लीच्या टोकाला बसायचो, टँकर सहाला यायचा किंवा यायचाच नाही. एकदा परत येताना आई म्हणाली, “तू जा औरंगाबादला. सुट्टी राहू दे. एका माणसाचं पाणी वाचल.” तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. मी दुसऱ्या दिवशी बस धरली.

‘फ्युरिओसा’त एक आई आहे. पळवून नेलेल्या लेकीच्या मागावर ती वाळवंटातून रात्रंदिवस जाते, एकेकाला गाठून टिपते, पोरीला सोडवते. आणि माग काढत आलेले जवळ पोचतात तेव्हा लेकीला पुढं पाठवून स्वतः मागं थांबते. जाताना पोरीच्या हातात पीचची बी देते. पोरगी परत फिरते, म्हणून दोघीही सापडतात. ही सगळी पहिल्या अर्ध्या तासातली गोष्ट. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे दोघं पॉपकॉर्न खात होते. मी तोंडावर ओढणी धरून बसले होते.

आता त्या वाक्याकडे येते. शेवट माहीत आहे. हो, आहेच. ‘फ्युरी रोड’ बघितलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की फ्युरिओसाचा हात जाणार, ती जोच्या गडावर ट्रक चालवणार, एक दिवस त्याच्या बायकांना घेऊन पळणार. आणि आणखी एक गोष्ट माहीत आहे. ज्या हिरव्या जागेसाठी ती आयुष्यभर जीव जपते, ती जागा उरलेलीच नाही. तिथलं पाणी नासलं, माती आंबट झाली, माणसं पांगली. नव्या सिनेमात ती पोरगी घरचा रस्ता विसरू नये म्हणून ताऱ्यांचा नकाशा हातावर गोंदून घेते. आई गेली, घर सुटलं, तरी नकाशा आहे. आणि थिएटरात बसलेल्या आपल्याला माहीत आहे की तो नकाशा जिथं नेतो तिथं चिखल आहे. हे माहीत नसतं, तर ते गोंदण नुसतं गोंदण राहिलं असतं. माहीत आहे म्हणून ते बघवत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी ही गोष्ट नऊ वर्षांनी, मागून सांगितली यातच सगळं बळ आहे, आणि लोक नेमक्या त्यालाच खोट म्हणतात.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागू नये, म्हणून मला जास्त लागलं. आमच्या गावचा सप्ताह आठवा. सात दिवस पारायण, रोज कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काय? काला. बाळकृष्ण गाई राखतोय, पेंद्या आणि वाकड्या शिदोऱ्या सोडतायत, सगळ्यांचं अन्न एकत्र कालवलं जातंय. मंडपातल्या शेंबड्या पोराला सुद्धा माहीत असतं की कंस मरणार आहे, पुढं कुरुक्षेत्र आहे, द्वारका बुडणार आहे. तरी सगळ्यात जास्त गर्दी काल्यालाच. माझी आजी दरवर्षी एकाच ठिकाणी रडायची. अक्रूर रथ घेऊन येतो आणि कृष्ण गोकुळ सोडतो तिथं. एकदा मी विचारलं, “आजी, तुला तर माहीतच असतंय की.” ती म्हणाली, “माहीत हाय म्हणूनच की बाई. त्याला वाटतंय परत यील. मला माहीत हाय येत नसतो.”

आजी आज असती तर तिला फ्युरिओसा कळली असती. इंग्रजी येत नसताना कळली असती. नाहीतरी त्या सिनेमात मोठी फ्युरिओसा झालेली अन्या टेलर-जॉय बोलते तरी किती थोडं! जवळजवळ तासभर तर छोट्या मुलीचंच काम आहे, ते अलायला ब्राऊननं केलंय, आणि दोघींचे डोळे सगळं सांगतात. ज्यांना ‘फ्युरी रोड’सारखा तीन दिवसांचा एकसलग पाठलाग हवा होता ते नाराज झाले. हा सिनेमा पंधरा-एक वर्षांचा आहे, पाच प्रकरणांचा आहे. मोठ्या टँकरवर वरून-खालून हल्ला होतो तो एक प्रसंग मात्र पहिल्या सिनेमाच्या तोडीस तोड आहे. त्या पंधरा मिनिटांसाठी म्हणे ७८ दिवस शूटिंग चाललं होतं, आणि ते दिसतं. त्याबद्दल इथं सगळे बोलतात. पाण्याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि हो, सिनेमातला खलनायक, ख्रिस हेम्सवर्थचा डिमेंटस. त्याच्यावर मी वेगळं लिहीन.

मी अ‍ॅडलेडमध्ये वृद्धाश्रमात नर्स आहे. २०२२ मध्ये आले. इथं नव्वदीतल्या माणसांनाही पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत आहे. ते माझ्या जिभेवर अजून बसलेलं नाही. एक आजी आहेत, ८८ वर्षांच्या. मी नावानंच बोलावते, पण मनात आजी म्हणते. सिनेमा बघून आलेल्या रात्री त्यांना झोप नव्हती. मी त्यांना सांगितलं की वाळवंटातला सिनेमा बघितला. त्यांनी विचारलं, कुठं काढला? मी म्हटलं, ब्रोकन हिल नावाच्या गावाच्या बाजूला काही शूटिंग झालंय. त्या उठून बसल्या. त्यांचं माहेर ब्रोकन हिल. वडील खाणीत होते.

आणि मग त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी, चाळीसच्या दशकातल्या दुष्काळात, गावाला पाणी रेल्वेनं यायचं.

मी औषधाचा ट्रे खाली ठेवला. परत विचारलं. हो, रेल्वेनं. मेनिंडीहून, डार्लिंग नदीचं पाणी. अंघोळीचं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी अंगणात. १९५२ मध्ये नदीवरून पाइपलाइन आली तेव्हा कुठं ते थांबलं. मी फोनवर त्यांना लातूरचा फोटो दाखवला, टँकरची ती लांबलचक रांग आणि डब्यांना घातलेले हार. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग माझा हात धरला आणि विचारलं, “मग तुमच्याकडे पाइपलाइन कधी आली?”

या प्रश्नानं मी आतून हलले. मला काही सांगता येईना. मी म्हटलं, त्या वर्षी पाऊस चांगला झाला, धरण भरलं. खरंच आहे ते, भरलं होतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळं.

त्यानंतर मी वाचत बसले. ब्रोकन हिलला वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस. अ‍ॅडलेडला साडेपाचशेच्या आसपास. आणि आमच्या लातूरला सरासरी सातशेच्या वर! जिथं पाण्याची रेल्वे आली त्या जिल्ह्यात या हिरव्यागार शहरापेक्षा जास्त पाऊस पडतो. ही गोष्ट मी इथं कामावर कुणाला सांगितलेली नाही. सांगितली की त्यांच्या चेहऱ्यावर जे येईल ते मला नको आहे. घरच्या माणसांना सांगते.

पण म्हणून इथं सगळं सोन्याचं आहे असंही कुणी समजू नये. ब्रोकन हिलला आता डार्लिंगऐवजी मरे नदीचं पाणी येतं, २७० किलोमीटरच्या पाइपलाइनमधून, २०१९ पासून. का, तर डार्लिंगवर भरवसा उरला नाही. वरच्या अंगाला कापसाची शेती पाणी उचलते, खालच्या अंगाला मेनिंडीचे लोक बोंब मारतात, आणि तिथं नदीत लाखो मासे मरून तरंगले, २०१९ मध्ये आणि परत २०२३ मध्ये. आमच्याकडे ऊस, यांच्याकडे कापूस. आमच्याकडे जायकवाडीसाठी नाशिक-नगरशी भांडण, यांच्याकडेही वरचा आणि खालचा. आणि मला कुणी मागासलेपणाचं बोललं तर मी हेही सांगेन की टँकर राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर कापून, भर उन्हाळ्यात आमच्या माणसांनी पाणी पोचवलं. पुढं तर पन्नास-पन्नास टँकरची गाडी आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. माझ्या गल्लीत सत्तर घरं होती. भांडणं झाली, पण कुणाच्या घरी कळशी रिकामी राहिली नाही. जोच्या गडाखाली असं एकही माणूस दिसत नाही जे दुसऱ्याच्या तपेल्यात पाणी ओततं. माझ्या आईनं ओतलंय. मी बघितलंय.

तिनं मला इकडं येताना एक पुडी दिली होती, गवारीचं आणि दोडक्याचं बी. विमानतळावर मी ते फॉर्मवर लिहिलं, कारण नियम तसा आहे, आणि ती पुडी माझ्यासमोर डब्यात गेली. नियम बरोबर आहे, बाहेरचं बी आणि बाहेरची कीड या देशाला परवडत नाही, आणि अधिकारी बाई फार नीट बोलल्या. तरी बाहेर आल्यावर मी बाकावर बसून रडले. फ्युरिओसा ती पीचची बी केसांत लपवते, वर्षानुवर्षं. मी लपवली नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं मी शहाण्यासारखं वागले. अजूनही तेच वाटतं. पण सिनेमात त्या बीचं पुढं काय होतं ते बघितल्यावर घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

लोक विचारतात, लातूर सोडलंस का? सोडलं नाही. मला कुणी हाकललं नाही, मी पळालेही नाही. एका माणसाचं पाणी वाचवायला म्हणून निघाले आणि निघतच गेले. दोन वर्षांमागं इथून पाठवलेल्या पैशातून घरी बोअर पाडली, आठशे फूट. पाणी लागलं, अण्णांनी व्हिडिओ पाठवला, सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. आठशे फुटांवरचं पाणी कुणाचं असतं आणि ते संपल्यावर काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. तहान लागलेल्या माणसानं ते विचारायचं नसतं.

पण रेल्वेच्या आधीची गोष्ट कुणीतरी सांगितली पाहिजे. रेल्वे सगळ्यांना पाठ आहे. ती कशानं आणावी लागली, कोणत्या वर्षी कोणती विहीर आटली, ऊस कधी आला, ज्वारी कधी गेली, हे नाही. म्हणून काल सकाळी, इथं दहा आणि तिकडं सहा वाजता, मी फोन लावला.

“काय करलालीस बाई, जेवलीस का?” आईनं विचारलं. सकाळचं जेवण तिला अजून समजावता आलेलं नाही.

मी म्हटलं, “आई, आपली शेतातली विहीर कधी आटली?”

ती गप्प. मग म्हणाली, “कोणती, मोटेची का इंजनाची?”

दोन विहिरी होत्या हे मला माहीतच नव्हतं. आईनं बोलायला सुरुवात केली. बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, पण मोटेच्या विहिरीला सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, पाणी होतं, असं तिची सासू सांगायची. मग इंजन आलं. मग शेजारच्यानं ऊस लावला, मग आपण. पहिली बोअर दीडशे फुटांची, पाणी वरपर्यंत उसळलं होतं. ती कोणत्या साली, मी विचारलं. आई म्हणाली, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी. मागून अण्णांचा आवाज आला, “आधी कसली, नंतर! पत्र्याच्या शेडात राहत होतो तव्हा.” दोघांचं जुंपलं. मी स्पीकर चालू ठेवला आणि वहीत दोन्ही लिहून घेतलं.