लॅपटॉप घेण्याआधी घरातला बोर्ड बघा

पोरांच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला अमरावतीला किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर निघण्याआधी गावातल्या वायरमनला घरी बोलवा. पोरगं ज्या खोलीत अभ्यासाला बसणार, तिथला बोर्ड त्याच्याकडून तपासून घ्या. तीन पिनच्या सॉकेटात वरचं मोठं भोक अर्थिंगचं. गावातल्या पुष्कळ घरांत त्याला वायरच जोडलेली नसते, किंवा वायर असली तरी तिचं दुसरं टोक भिंतीत कुठेतरी मोकळं लोंबत असतं. वायरमन फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॅटचा साधा बल्ब लावून बघेल. बल्ब भक्कन लागला तर अर्थिंग चांगलं. मिणमिणला तर अर्थिंगचा जमिनीतला खड्डा कोरडा पडलाय. लागलाच नाही तर अर्थिंग नावालाच आहे.

ह्याचा लॅपटॉपशी संबंध असा. चार्जरच्या आत विजेतला कचरा गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यातून थोडासा करंट अर्थिंगकडे जातो. अर्थिंग नसेल तर तो लॅपटॉपच्या बॉडीवर येऊन बसतो. ॲल्युमिनियमची बॉडी असेल, पाय उघडे असतील आणि फरशी नुकतीच पुसलेली असेल, तर तळव्याला मुंग्या येतात. तेवढ्यानं जीव जात नाही, पण चार्जिंग चालू असताना टचपॅडचा बाण इकडेतिकडे उड्या मारायला लागतो. मग लोक नवा लॅपटॉप खराब निघाला म्हणून दुकानात घेऊन जातात आणि तिथे तो एकदम नीट चालतो! म्हणून घरी अर्थिंग होणार नसेल तर सरळ प्लास्टिक बॉडीचं मॉडेल घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर मे महिन्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता. मीठ-कोळशाचा थर सुकला की तो काही कामाचा राहत नाही.

व्होल्टेजची भीती मात्र लोक उलट्या जागी बाळगतात. चार्जरच्या लेबलवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं की कुलर रडतो, पण लॅपटॉपच्या चार्जरला काही फरक पडत नाही. त्यामुळे लॅपटॉपसाठी वेगळा स्टॅबिलायझर घेऊ नका. चार्जर मरतो तो दोन वेळा: गेलेली लाईन परत येते त्या झटक्यात, आणि खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटतो तेव्हा. न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात, आणि त्यापुढे दुकानातलं स्वस्त स्पाईक गार्ड फार वेळ टिकत नाही. लाईन गेली की पिन काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या तरी हेच. फुकटातला उपाय आहे आणि सगळ्यांत पक्का.

आता लाईन नसताना किती वेळ चालेल ते. दुकानदार 'आठ तास बॅकअप' म्हणेल, तुम्ही त्याला बॅटरी किती वॉट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) आहे ते विचारा. स्वस्त मॉडेलांत ती ४० च्या आसपास असते, बऱ्या मॉडेलांत ५० ते ६०. वर्ड, पीडीएफ, ब्राउझर एवढंच चालू असेल आणि स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर असेल तर साधा लॅपटॉप ८ ते १० वॅट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरवर चार-पाच तास. व्हिडिओ कॉल लावला की तेच तीनवर येतं. गेमिंग लॅपटॉपची बॅटरी कागदावर मोठी असते, पण त्याची भूकही मोठी. शिवाय दोन-सव्वादोन किलोचं मशीन आणि विटेएवढा चार्जर घेऊन एसटीत उभं राहून रोज दारव्हा ते यवतमाळ करून बघा.

टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारं मॉडेल मिळालं तर ते घ्या, पण पोर्ट आहे म्हणजे चार्जिंग होतंच असं धरून चालू नका. पोर्टशेजारी प्लगचं, बॅटरीचं किंवा 'पीडी'चं चिन्ह आहे का बघा, आणि दुकानातच ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावून खात्री करा. फायदा असा की गावात चार्जर बिघडला तर कंपनीचाच मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. घरी इन्व्हर्टर असेल आणि तो स्क्वेअर वेव्हचा (स्वस्त जातीचा, वीज गुळगुळीत न देणारा) असेल तर चार्जर जास्त तापतो, कधी गुणगुणतो. शक्यतो लाईन असतानाच चार्ज करून घ्या.

उन्हाळा हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा म्हणून लिहितात. अकोला, चंद्रपूर, नागपूरचा मे महिना ४५ च्या आसपास, आणि टिनाच्या छताखाली आणखी वाईट. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून एप्रिलपासून लॅपटॉप 'हँग' होतो अशी तक्रार सुरू होते. त्यात मशीनचा दोष नसतो. गादीवर किंवा बाजेवरच्या वाकळेवर ठेवलं की खालच्या जाळ्या बंद होतात. स्वयंपाकघरातला लाकडी पाट खाली घ्या, त्यानं काम भागतं. कुलरच्या समोर बसण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीतून बारीक तुषार येतात, आणि ते कीबोर्डच्या फटीतून आत जाऊन मदरबोर्डवर हिरवट गंज धरतात. कुलरच्या बाजूला बसा, झोतात नको. जिनिंगजवळच्या गावांत पंख्याच्या पात्यांवर कापसाच्या तुसाचा नमद्यासारखा थर बसतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, पंखा उघडून साफ करून घ्यायचा. म्हणून घेतानाच विचारा की खालचं झाकण साध्या स्क्रूनं निघतं का.

बॅटरीला गरमी आणि १०० टक्के चार्ज हे दोन्ही एकत्र सोसत नाही. रूमवर दिवसभर पिन लावूनच वापर असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. लेनोव्होत ती व्हँटेज ॲपमध्ये, असूसमध्ये मायअसूसमध्ये, एचपीच्या पुष्कळ मॉडेलांत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) असते.

प्रोसेसरच्या नावात जेवढी फसवणूक आहे तेवढी बियाण्यांच्या पिशव्यांवरही नसेल. एएमडी कंपनीचा 'रायझन ५' एवढंच वाचून पैसे देऊ नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ह्यांत फक्त एका आकड्याचा फरक दिसतो. ह्या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या पिढीचा. ७५२०यू म्हणजे झेन २ ही जुनी पिढी, चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे हात), आणि त्याची रॅम मदरबोर्डावर कायमची डकवलेली, पुढे वाढवता येत नाही. ७५३०यू म्हणजे झेन ३, सहा कोअर. इंटेलमध्येही आय३-१२१५यू हा सहा कोअरचा, कॉलेजच्या कामाला पुरेसा प्रोसेसर आहे, आणि सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा, विंडोज ११ उघडतानाच धापा टाकणारा. सेलेरॉनसोबत बहुधा ६४ जीबीची ईएमएमसी (हळू जातीची) स्टोरेज येते. विंडोजचे दोन मोठे अपडेट आले की तीच भरते. असा लॅपटॉप फुकट मिळाला तरी विचार करून घ्यावा, असं माझं मत.

रॅम ८ जीबी ही आता किमान, १६ असेल तर चार वर्षांची निश्चिंती. ८ घेणार असाल तर रिकामा स्लॉट आहे की नाही हे दुकानातच बघा: टास्क मॅनेजर, मग परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती स्लॉटपैकी किती वापरात ते दिसतं. मदरबोर्डावर डकवलेली रॅमही कधी कधी त्यात स्लॉट म्हणूनच मोजली जाते, म्हणून कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलचा कागदही वाचा. 'नंतर वाढवू' म्हणताना हेही ध्यानात ठेवा की २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा वाढवण्याचा खर्च आजच विचारून घ्या. स्टोरेज ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची) एसएसडी. स्क्रीन १९२० बाय १०८० ची आणि आयपीएस, म्हणजे बाजूनं बघितलं तरी नीट दिसणारी. स्वस्तातली टीएन स्क्रीन जरा वाकडं बसलं की पांढरी पडते, आणि ओसरीवर बसून वाचायचं तर २५० निटपेक्षा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) कमी उजेड पुरत नाही.

कोर्सनुसार गरज बदलते, पण लोक समजतात तेवढी नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. कृषी ह्यांना टॅली, एक्सेल, पीपीटी, ऑनलाइन फॉर्म. त्याला आय३ आणि ८ जीबी भरपूर. बीसीए, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांना अँड्रॉइड स्टुडिओ चालवायचा तर १६ जीबी. ग्राफिक्स कार्डाची खरी गरज मेकॅनिकल, सिव्हिलच्या थ्रीडी कामाला, आणि तीही साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. त्यांनी मॅकबुकच्या वाटेला जाऊ नये. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही त्यांची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. क्रोमबुकवर टॅली बसत नाही, हे कॉमर्सवाल्यांसाठी.

पहिल्याच आठवड्यात घ्यायलाच पाहिजे असंही नाही. ॲडमिशन जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा घरात पेरणी-खताचा खर्च चालू. पहिलं सेमिस्टर पुष्कळांचं कॉलेजच्या लॅबवर निघतं. सोयाबीन विकून हातात पैसा येतो त्याच सुमारास दसरा-दिवाळीचे सेल असतात. 'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्डाचा ईएमआय असेल तर व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी धरूनच हिशोब करा, आणि फायनान्सवाल्यानं कागदात हळूच विमा घातलाय का ते सही करण्याआधी वाचा.

बजेट कमी असेल तर स्वस्त नव्यापेक्षा कंपनी-ऑफिसातून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप मला जास्त पटतो. लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, ही मॉडेलं मजबूत आणि उघडायला सोपी आहेत. अट एकच: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या जवळपास कुठल्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे प्रोसेसरच्या नावात आय५ नंतरच्या आकड्याची सुरुवात ८, ९, १०, ११ अशी हवी, ६ किंवा ७ नको. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाका (powercfg /batteryreport). जी फाईल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दिलेली असते. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून मागा.

वॉरंटी 'ऑनसाईट' आहे की 'कॅरी-इन', हा प्रश्न शहरात फारसा कोणी विचारत नाही, आपल्याकडे तो पहिला. कॅरी-इन म्हणजे मशीन सर्व्हिस सेंटरला तुम्ही न्यायचं. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटर, सेंटर त्याच्याही पुढे. ऑनसाईट लिहिलेलं असलं तरी कंपनीच्या कस्टमर केअरला आपल्या गावाचा पिनकोड सांगून माणूस येतो का ते विचारा. बिलावर सीरियल नंबर हवा, आणि तोच नंबर लॅपटॉपच्या पोटावर आहे का जुळवून बघा.

शेवटी चालू करताना. दुकानातला मुलगा 'सेटअप करून देतो' म्हणत स्वतःचा ईमेल टाकतो. हे होऊ देऊ नका. विंडोज ११ बहुधा डिस्क आपोआप लॉक करतं आणि त्याची ४८ अंकी 'रिकव्हरी की' (ते लॉक उघडायचा नंबर) त्या ईमेलच्या खात्यात जाते. वर्षभरानं बायोसचा अपडेट आला की निळ्या स्क्रीनवर तीच की मागितली जाते. ज्याच्या ईमेलवर ती आहे त्यानं दुकान सोडलेलं असेल तर प्रोजेक्ट, फोटो सगळं गेलं. विद्यार्थ्याच्याच ईमेलनं सेटअप करा आणि ती की वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा.

घरी आल्यावर मोबाईलचं हॉटस्पॉट जोडलं की लगेच वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नेटवर्कला 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर विंडोजचा अपडेट दिवसाचा दीड जीबी सकाळी दहाच्या आतच गिळतो. कॉलेजच्या वाय-फायवर ते बंद ठेवा आणि महिन्यातून एकदा तिथेच बसून अपडेट उतरवून घ्या.