लिली वेगळी, लिलियम वेगळं (आमच्या बोक्याच्या किडनीची गोष्ट)

शनिवारी लग्नाचा वाढदिवस होता, नवऱ्याच्या ऑफिसवाल्यांनी भलामोठा बुके दिला, मी फुलं काढून फुलदाणीत ठेवली आणि झोपलो. रविवारी सकाळी सहाला गुंड्याने, म्हणजे आमच्या बोक्याने, सोफ्यापाशी उलटी केलेली, त्यात हिरव्या पानाचा चावलेला तुकडा. आणि नाकावर तपकिरी डाग. मला वाटलं हळद लागली का काय, पुसायला गेले तर बोटाला पावडर आली. फुलाच्या मधल्या दांड्यांवर असते ती.

जवळच्या डॉक्टरांना फोन केला. "लिली ना? काही होत नाही हो, पोट बिघडेल थोडं, आज उपाशी ठेवा." मी पण निश्चिंत, कारण लिली म्हणलं की माझ्या डोळ्यासमोर हारात ओवतात त्या पांढऱ्या कळ्यांची जुडी येते, बहुतेक त्यांच्याही तीच आली असणार. तरी गुंड्या पलंगाखालून बाहेरच येईना, तोंडातून लाळ गळतेय, म्हणून नऊ वाजता कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला फोटो दाखवला. तो म्हणला, ताई ही लिली नाय, हे लिलियम.

मग ते नाव टाकून मोबाईलवर शोधलं आणि हातपायच गळाले. लिलियम (बुकेतली मोठी फुलं, इंग्रजीत यांनाही लिलीच म्हणतात) आणि डे लिली (बागेत लावतात ती), या दोन्हींनी मांजराची किडनी एक ते तीन दिवसांत बंद पडू शकते. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. गंमत म्हणजे कुत्र्याने खाल्लं तर त्याचं फक्त पोट बिघडतं, किडनीला काही नाही. पीस लिलीने (घरात कुंडीत ठेवतात ती, पांढऱ्या फुलाची) मांजराचं तोंड चुरचुरतं, किडनी जात नाही. नाव सगळ्यांचं लिलीच!

सासूबाई म्हणाल्या मिठाचं पाणी पाजून उलटी काढू, नशीब मी नाही म्हणलं, मांजराला तसं करायचं नसतं. ओल्या फडक्याने त्याचं तोंड आणि पंजे पुसले (चाटून अजून पोटात जाऊ नये म्हणून), फुलाची एक काडी पिशवीत घातली आणि रिक्षाने गावाच्या दुसऱ्या टोकाला चोवीस तास चालू असलेल्या दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी काडी बघितली आणि एकच विचारलं, कधी खाल्लं? रात्री कधीतरी. "मग अजून वेळ आहे," म्हणाल्या. साधारण अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचायचे चान्सेस चांगले असतात म्हणे. यावर उतारा असा नाहीच, नेमकं कुठलं विष किडनीच्या नळ्यांमधल्या पेशी मारतं तेच अजून सापडलेलं नाही.

उलटीचं इंजेक्शन दिलं, मग कोळशाचं काळं औषध पाजलं, त्यातलं अर्धं माझ्या ओढणीवर. पुढच्या पायाचे केस काढून सुई लावली आणि तीन दिवस सलाईन चालू. रोज रक्त. क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) पहिल्या दिवशी 1.4, दुसऱ्या दिवशी 2.1, ती रात्र मी कशी काढली मलाच माहीत. तिसऱ्या दिवशी 1.7. मॅडम आकड्यापेक्षा जास्त लघवीची चौकशी करायच्या, कारण लघवी थांबली की खेळ संपल्यात जमा, मग डायलिसिसशिवाय काही उरत नाही आणि मांजराचं डायलिसिस आपल्याकडे कुठे सहज मिळतंय.

बुधवारी घरी आणला. लिटर ट्रेमधले, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूतले, लघवीचे ओले गोळे मोजून वहीत लिहायचं काम सासूबाईंनी स्वतःहून घेतलं, ज्यांना मांजर घरात नकोच होतं. पहिल्या रात्री अडीचला मला हलवून उठवलं, "अगं झाली, मोठी झाली." दिवा लावून दोघींनी गोळा बघितला, चांगला लिंबाएवढा होता.