पेनिश : लाटा नंतर, आधी किल्ला

पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिश गावाला लिस्बनहून रेल्वे नाही; बसने साधारण दीड तास लागतो. आमच्या बसमधली बरीच मंडळी लाटांवर स्वार व्हायला निघालेली. किल्ल्यासाठी आलेलो बहुधा आम्ही दोघंच.

निमित्त गोव्याचं. १८ जून १९४६ला मडगावात लोहियांची सभा झाली. त्याच वर्षी गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही इथलेच कैदी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने स्वतःच्या विरोधकांनाही इथेच डांबलं होतं, हे मला येईपर्यंत नीट उमगलं नव्हतं.

त्यातले कम्युनिस्ट नेते आल्वारू कुन्याल ३ जानेवारी १९६०ला नऊ साथीदारांसह निसटले. एक पहारेकरी फितवलेला, दुसऱ्याला क्लोरोफॉर्म, तटावरून उतरायला चादरींचा दोर. बाहेर चौकात एक मोटार थांबली आणि तिची डिकी उघडली, हाच इशारा! तट खालून बघा म्हणजे छातीत धस्स होतं. कैदी-भेटीची खोली मात्र जास्त अंगावर आली. मध्ये काच, आणि प्रत्येक शब्द ऐकणारा शिपाई.

ही राजवट उलथवणाऱ्या एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतर दोनच दिवसांनी, २७ तारखेला, कैदी सुटले. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच तारखेला इथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. मधल्या काळात इथे हॉटेल काढायचा सरकारी बेत होता. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं.

गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘पेनिशचे मित्र’ म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पाडणारे. १५८९मध्ये स्पेनच्या राजाविरुद्ध मदतीला आलेलं इंग्रजांचं सैन्य इथे उतरलं, लिस्बनपर्यंत गेलं आणि हात हलवत परतलं, तेव्हापासूनचं हे.

जाणाऱ्यांसाठी : सोमवार टाळा, तिकडची सरकारी संग्रहालयं त्या दिवशी सहसा बंद असतात. किल्ल्याला निदान अडीच तास द्या. आम्ही दीडच ठेवला आणि पस्तावलो. वारा भर उन्हाळ्यातही झोंबतो, तेव्हा टोपीपेक्षा जाकीट कामाचं. बेर्लेंगा बेटावर जायचं तर होडीचं आरक्षण आधी करा, कारण तिथे रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. शिवाय समुद्र खवळलेला असला की होडी सुटतच नाही. उलटीची गोळी आधीच घ्या, मी नंतर घेतली. मासे खाणाऱ्यांनी उन्हाळ्यात निखाऱ्यावरचे तारले सोडू नयेत. शाकाहारींनी मात्र लिस्बनहून डबा आणलेला बरा.