होत्या, समितीत बाया होत्या

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, एकदाच. लग्नात, एसटीत, परवा तर दवाखान्याच्या रांगेतही हेच: "जलस्वराज्यात होतात ना तुम्ही? जागतिक बँकेचा एवढा पैसा आला, दलित वस्त्यांना, बायकांना खरंच काही मिळालं, की सगळं कागदावर?"

पैसा आला. जलस्वराज्य म्हणजे महाराष्ट्रातल्या गावांना पाणी पुरवायचा सरकारी प्रकल्प; १८ कोटी १० लाख डॉलरचं कर्ज होतं ते, २००३ ते २००९. आणि सगळं कागदावर नव्हतं हो. पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात अशी अट होती, म्हणून आम्हाला दारोदार जाऊन 'घरातल्या बाईला मीटिंगला पाठवा' म्हणता आलं. अट नसती तर चहा पाजून वाटेला लावलं असतं. हे मी आजही भांडून सांगेन.

पण मागणी गावाची, वर्गणीही गावाची. खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी, आदिवासी गावांना ५. ऐकायला रास्त. सहा महिने ऊसतोडीला गेलेल्या घरानं ती कधी भरायची?

एका गावात मांगवाड्यातल्या एक मावशी समितीत होत्या. मीटिंग शाळेत. त्या दाराशी, चपला काढतात तिथं बसायच्या. "मावशी, पुढं या." "हितंच बरंय, वारं लागतंय." त्या दिवशीच्या ठरावात पाचवा मुद्दा होता: वस्तीची वर्गणी अपुरी असल्याने तेथील नळकोंडाळे पुढील टप्प्यात घ्यावे, सर्वानुमते मंजूर. सगळ्यांच्या सह्या झाल्या, मावशींचा अंगठा राहिला. शाईचा पॅड माझ्याच पर्समध्ये असायचा. त्यांनी विचारलं, "म्याडम, काय लिवलंय ह्यात?"

मी म्हटलं, "पाण्याचंच आहे, मावशी."

अंगठा उठला. लुगड्याला डाग नको म्हणून त्यांनी तो भिंतीच्या चुन्यावर घासला. जांभळा फराटा उमटला, तर इकडंतिकडं बघून तो तळहातानं पुसायला लागल्या. शाळेची भिंत खराब केली म्हणून कुणी बोलेल, ही भीती.

बरीच वर्षं मी सांगत आले की महिनाअखेर होती, घाई होती, पाचवा मुद्दा नजरेतून सुटला. सुटला नव्हता. ठरावाचा मसुदा मीच लिहून दिला होता.

तेव्हाची मी अजून वाद घालते: ठराव अडला असता तर हप्ता अडला असता, अख्ख्या गावाचं पाणी लांबलं असतं. ते मला खोडता येत नाही. मग वाचून दाखवून अंगठा मागायचा होतास, एवढंच म्हणते मी तिला. कदाचित दिलाही असता त्यांनी. कदाचित दारातून उठून पहिल्यांदा पुढं आल्या असत्या.

अहवालात त्या दिवशीची ओळ माझ्याच अक्षरात आहे: महिला उपस्थिती ७, पैकी अनुसूचित जाती १. आकडा बरोबर आहे.

पुढचा टप्पा मी तिथं असेपर्यंत आला नाही. नंतर आला का, हे विचारायला मी गेले नाही.